गलबतावर सात होते, कागदावर सहा: जहाजांची फाईल बघणाऱ्या साहेबांना सांगलीहून खुलं पत्र

प्रति,
माल वाहणाऱ्या लाकडी गलबतांची नोंदणी, तपासणी आणि बुडाल्यावर चौकशी ज्यांच्या टेबलावर होते त्या सगळ्या साहेबांना,
आणि माझा भाऊ ज्यांच्या गलबतावर गेला त्या मालकांना पण, कुणी वाचून दाखवलं तर.

साहेब, नमस्कार.

मागच्या महिन्यात तुमच्या ऑफिसचं पत्र आमच्या माहेरी पोचलं, गलबत बुडून समुद्रात गेलेल्या माझ्या भावाबद्दल मी केलेल्या अर्जाचं उत्तर. इंग्रजीत होतं, माझ्या पोरानं फोनवरनं वाचून दाखवलं. दोनच ओळी. अर्थ असा की आमच्याकडच्या कागदपत्रात या नावाचा माणूस त्या जहाजावर असल्याचं दिसत नाही, त्यामुळं तुमचा अर्ज बंद करतोय. खाली सही, शिक्का, जावक नंबर. आई विचारत होती काय लिहिलंय, मी म्हटलं अजून बघतायत. खोटं बोलले. दीड वर्ष मी आईशी हेच खोटं बोलतेय आणि आता मला तेवढी ताकद राहिली नाही म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय.

मी सांगलीत राहते, गावभागात, नवऱ्याचं छोटं स्टेशनरीचं दुकान आहे. माहेर खानापूर तालुक्यात, विट्याच्या पुढं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, आमचा भाग दुष्काळी. टेंभूचं पाणी आलं ते अलीकडं, त्याच्या आधी आम्ही टँकरच्या मागं घागरी घेऊन पळालेली माणसं. गावात विहिरीत पाणी नाही तर पोहायला कुठं शिकणार. माझा भाऊ, आमचा धाकटा, त्याला पोहता येत नव्हतं हे मी अर्जात पण लिहिलंय, लाईफ जॅकेटच्या मुद्द्यात, ते कुणी वाचलं का माहीत नाही.

आता दुष्काळी गावातला पोरगा समुद्रात गेला कसा, हा प्रश्न तुमच्या ऑफिसातल्या एका बाईंनी मला हसत विचारला होता. सांगते. आमच्या विटा-आटपाडी भागातनं गलाईवाले सगळ्या देशात गेलेत. जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं काम, भट्टी आणि ॲसिडचं. तुम्ही केरळात जा, तमिळनाडूत जा, कुठल्या पण सराफ गल्लीच्या मागच्या बोळात गेलात की मराठी ऐकू येतं, ते आमच्याकडचे. धाकटा बारावी झाल्यावर केरळात एका गलाई दुकानात लागला. नऊ वर्षं केलं. मल्याळम घडाघडा बोलायचा. मग ॲसिडच्या धुरानं छाती भरायला लागली, डॉक्टर म्हणाले हे काम सोड. शेती सव्वा एकर, त्यात तीन वाटण्या. घरी येऊन काय करणार. तिथल्याच एका ओळखीच्या माणसानं सांगितलं की गलबतावर भंडारी पाहिजे, भंडारी म्हंजे स्वयंपाकी, मोकळ्या हवेतलं काम आहे, पगार रोख. धाकटा स्वयंपाक भारी करायचा, नऊ वर्षं स्वतःच्या हातचं खाल्लेला माणूस.

मला फोन केला, "ताई, उरूवर चाललोय." मी म्हटलं कुठल्या उरसाला? मिरजेच्या? तो इतका हसला. तिकडं लाकडी जहाजाला उरू म्हणतात, मला काय माहीत. बेपूरला बांधतात, चालियार नदीच्या तोंडाशी, सागवानाची, नकाशा न काढता, मिस्त्रीच्या डोक्यात सगळं माप असतं. धाकट्यानं मला व्हिडिओ कॉलवर एक अर्धवट बांधलेलं दाखवलं होतं, घराएवढं लाकूड नुसतं. मी म्हटलं याच्यात तू जाणार? म्हणाला, हे नवीन, कुणातरी अरबाचं आहे, आमचं जुनं आहे.

आमचं जुनं आहे. हे वाक्य रोज आठवतं.

ही गलबतं काय करतात ते बऱ्याच जणांना माहीत नसेल. लक्षद्वीपच्या बेटांवर नदी नाही, डोंगर नाही, काही पिकत नाही नारळ सोडून. दहा बेटांवर वस्ती आहे आणि त्यांना सिमेंट, विटा, वाळू, तांदूळ, भाजी, कोंबड्या-बकऱ्या सगळं किनाऱ्यावरनं जातं, दोन-चारशे किलोमीटर समुद्र ओलांडून, आणि त्यातला मोठा भाग या लाकडी गलबतांतनं. मोठी स्टीलची जहाजं प्रत्येक बेटाला लागू शकत नाहीत. सरकारी कागदावर यांचं नाव 'मेकॅनाइज्ड सेलिंग व्हेसल', म्हंजे इंजिन बसवलेलं शिडाचं जहाज. शीड असतं नावाला, कधी वाऱ्याला लावतात डिझेल वाचवायला, चालतं इंजिनवरच. म्हणून एक गोष्ट आधीच सांगून टाकते, मी ही गलबतं बंद करा असं म्हणत नाहीये. भावाच्या गलबतावरनं जीव वाचलेल्यातले दोघं मला फोन करतात, त्यांची पोटं त्याच्यावर आहेत, बेटावरच्या लोकांच्या चुली त्याच्यावर आहेत. कुणी माझ्या नावानं 'बंद करा' म्हणून बोर्ड घेऊन उभं राहू नये.

तर काय झालं. भाऊबीजेला आला होता. ओवाळणीत मला पाचशे रुपये आणि वेलदोड्याचं पाकीट दिलं. आठव्या दिवशी परत गेला. त्यानंतर दहा-बारा दिवसांनी सकाळी सव्वासहाला व्हॉट्सॲपवर व्हिडिओ आला, डेकवर विटा रचलेल्या, मधी सिमेंटच्या गोण्यांवर निळी ताडपत्री, एका कोपऱ्यात बकऱ्या बांधलेल्या आणि धाकट्याचा आवाज, "ताई, बघ, आज बकऱ्यांना पण सी-सिकनेस होणार." मागं आभाळ काळं. मी टाईप केलं जपून जा. एक टिक. ती एकच टिक अजून आहे.

त्या दिवशी समुद्रात कमी दाबाचा पट्टा होता, बातम्यांत होतं. त्या वादळाला नाव पण नव्हतं, कारण वाऱ्याचा वेग ताशी 62 किलोमीटरच्या पुढं गेला तरच चक्रीवादळ म्हणतात आणि तेव्हाच नाव मिळतं, हे मी नंतर शिकले. लोखंडी मोठ्या जहाजाला तसल्या वाऱ्यानं काय होत नाही. पण जुन्या लाकडाच्या गलबताला नाव नसलेलं वादळ पण पुरतं. वाचलेल्यांनी मला सांगितलं ते असं, दुपारनंतर लाटा आडव्या यायला लागल्या, गलबत पिळल्यासारखं व्हायचं, मग फळ्यांच्या फटीत ठासलेली कापसाची दोरी सुटली आणि तळात पाणी यायला लागलं. पंप चालू केला. वरनं येणारं पाणी, खालनं येणारं पाणी, सिमेंटच्या गोण्या फुटल्या आणि त्या चिखलानं पंपाचं तोंड बंद झालं. मग बादल्या. धाकटा बादल्या मारत होता. मग सगळ्या विटा समुद्रात फेकायला सुरुवात केली, हातानं, एक एक, विचार करा साहेब, हजारो विटा. रात्री दोनच्या सुमारास गलबत एका बाजूला कललं ते परत सरळ झालंच नाही. छोटी होडी पाण्यात टाकली, तिच्यात सहा जण चढले. सातवा बकऱ्यांच्या दोऱ्या कापायला गेला होता.

तो तसाच होता. याच्यावर मी जास्त लिहीत नाही.

सकाळी एका जाणाऱ्या मालवाहू जहाजानं सहा जणांना वर घेतलं, परदेशी खलाशी, भाषा कळत नव्हती, तरी यांनी हातानं खुणा करून सांगितलं अजून एक आहे आणि त्या जहाजानं तीन-चार तास तिथंच घिरट्या घातल्या. त्या परक्या माणसांचे उपकार कुठं फेडू. आणि संध्याकाळी बंदरावर आल्यावर मालकाचा माणूस आधी भेटला, मग साहेब आले, मग जबाब लिहिले गेले. जबाबात काय? गलबतावर सहा जण, सहाच्या सहा सुखरूप. दुसऱ्या दिवशी बातमीत पण तेच, सर्व खलाशी सुखरूप. मी ती बातमी त्या दिवशी वाचली होती साहेब. वाचून देवापुढं साखर ठेवली होती.

आता माझी तक्रार. मुद्दे घालून लिहा असं वकिलांनी सांगितलंय, घालते, पण मला ते नीट जमणार नाही.

पहिली गोष्ट, यादी. धाकटा ज्याच्या जागी गेला तो नेहमीचा भंडारी आजारी होता, आदल्या रात्री ठरलं, यादी आधीच दिलेली होती, तीत बदल कुणी केला नाही. आजारी भंडाऱ्याचं नाव यादीत आधीच काढलेलं होतं की मुळात नव्हतंच, हे मला आजपर्यंत कुणी सांगितलेलं नाही. सहा नावं बरोबर जुळली म्हणून तुमचं काम झालं. पण निघताना धक्क्यावर उभं राहून कुणी डोकी मोजली का? आमच्याकडं ऊसतोडीला टोळी निघते तेव्हा मुकादम वहीत नावं लिहितो, अंगठे घेतो, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत कोण कोण बसलं ते त्याला पाठ असतं, कारण उचल दिलेली असते, पैसे अडकलेले असतात. मुकादमाला कुणी चांगला म्हणत नाही. पण त्याची वही तुमच्या रजिस्टरपेक्षा खरी निघाली असती. एक मोबाईलचा फोटो, साहेब. निघायच्या आधी सगळ्यांनी डेकवर उभं राहायचं, फोटो काढायचा, ऑफिसच्या नंबरवर पाठवायचा. याला बजेट लागत नाही, निविदा लागत नाही.

कागदावर माझा भाऊ बुडालाच नाही कारण कागदावर तो चढलाच नव्हता. असं कसं चालेल?

दुसरं, निघायची परवानगी. इथं मला आमच्या कृष्णेचं सांगायचंय. सांगलीत आयर्विन पुलाखाली पाण्याची पट्टी आहे. 40 फूट इशारा, 45 फूट धोका. हे आमच्या शेंबड्या पोराला पण माहीत असतं. पावसाळ्यात दर तासाला व्हॉट्सॲपवर आकडा फिरतो, 38 झालं, 39 झालं, कोयनेतनं किती सोडलं, आणि आकडा चाळीसकडं सरकला की नदीकाठची माणसं कुणी न सांगता गाठोडं बांधायला लागतात. 2019 ला 57 फुटांच्या वर गेलं, आमच्या घरात पहिल्या मजल्याच्या पायरीला पाणी होतं, तेव्हा चुका झाल्याच, उशिरा सांगितलं, बोटी कमी पडल्या, ब्रह्मनाळला 8 ऑगस्टला बोट उलटून बायका-पोरं गेली ते आम्ही विसरलेलो नाही, बोटीत बसायच्या क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. पण निदान एक आकडा होता. आकडा बघून माणूस भांडू शकतो की तुम्ही 45 ला का नाही उठवलं.

समुद्रावर पण आकडा आहे, बंदरावर इशाऱ्याचे बावटे लागतात, एक ते अकरा नंबर. तीन नंबरचा बावटा म्हंजे बंदराला वादळी वाऱ्याचा धोका. हवामान खातं बुलेटिन काढतं, हैदराबादचं इन्कॉईस लाटांची उंची किती होणार ते दोन-तीन दिवस आधी सांगतं, सगळं फुकट मोबाईलवर. मग त्या दिवशी सकाळी निघायच्या वेळी बावटा कुठला होता? लाटांचा अंदाज किती होता? तो कुणी बघितला आणि 'जा' असं कुणी म्हटलं? मी माहितीच्या अधिकारात विचारलं, उत्तर आलं की निघण्याचा निर्णय जहाजाच्या प्रमुखाचा असतो. सारंग, म्हंजे तो गलबताचा प्रमुख, म्हणतो मालकानं घाई केली, माल पोचवायची तारीख होती. मालक म्हणतो मी तर घरी होतो. म्हंजे आयर्विनच्या पट्टीवर 45 फूट दिसत असताना घर सोडायचं का नाही हे घरमालकाच्या भाडेकरूनं ठरवायचं, असंच झालं की हे.

पावसाळ्यात ही गलबतं बंद असतात, ते बरोबर आहे, सगळे सांगतात बघा आम्ही नियम केलाय. पण अरबी समुद्रातली वादळं बघा कधी आलीत. फयान नोव्हेंबर 2009. ओखी 2017 चा नोव्हेंबर संपताना, लक्षद्वीपवरनंच गेलं ते. मेकुनू मे 2018. क्यार ऑक्टोबर 2019. तौक्ते मे 2021, ज्याच्यात मुंबईजवळ पी-305 बार्ज बुडाली, 261 माणसं होती तिच्यावर. यातली फयान, ओखी, क्यार तर बंदीच्या महिन्यांच्या बाहेरची. म्हंजे कुलूप लावलंय पण ज्या दारातनं चोर येतो ते दार सोडून.

तिसरं, गलबताची अवस्था. इथं मी जरा कडक बोलणार आहे. माझा पोरगा इंजिनिअरिंगला आहे, त्यानं शोधून काढलं की जहाजांवर जीव वाचवायची साधनं काय काय पाहिजेत याचा जगभर एक करार आहे, सोलास म्हणतात, टायटॅनिक 1912 ला बुडाल्यावर 1914 ला पहिल्यांदा झाला, आता चालतो तो 1974 चा. त्यात कुणाला सूट आहे? 500 टनांच्या आतल्या मालवाहू जहाजांना, आणि पुढं शब्द असे आहेत, 'आदिम बांधणीची लाकडी जहाजं'. आदिम! म्हंजे जगानं ठरवलं की यांचं त्यांच्या त्यांच्या देशानं बघावं. मग देशानं बघितलं पाहिजे ना. देश म्हंजे साहेब तुम्हीच, मी दुसऱ्या कुणाला विचारू.

नुसतं आमचंच गलबत असतं तर मी नशीब म्हटलं असतं. डिसेंबर 2024 मध्ये पोरबंदरहून इराणला निघालेलं 'अल पिरानपीर' बुडालं, पाणी शिरून, बारा जण वाचवले, त्यात आपल्या कोस्ट गार्डनं आणि पाकिस्तानच्या लोकांनी मिळून काम केलं, एरवी दोघांचं किती पटतं ते आपल्याला माहिती आहे. त्याच महिन्यात मुंद्र्याहून येमेनकडं निघालेलं 'ताजदारे हरम', नऊ जण, पाणी शिरून. मे 2025 ला मंगळूरहून लक्षद्वीपला सिमेंट नेणारं 'सलामत', सहा जण, पाणी शिरून. तिन्ही वेळा कोस्ट गार्डनं माणसं वाचवली, त्यांना माझा हात जोडून नमस्कार, माझी तक्रार त्यांच्याबद्दल अजिबात नाही. पण सहा महिन्यांत तीन लाकडी गलबतं एकाच कारणानं खाली जातात, तर वाचवणारे कमी पडत नाहीयेत, तळ बघणारे कमी पडतायत एवढं तर मला पण कळतं आणि मी बीए मराठी आहे.

आमच्या गलबताची शेवटची तपासणी कधी झाली, पाण्याबाहेर काढून फळ्या बघितल्या का पाण्यात तरंगत असताना वरनं बघून सही केली, ते सांगा. दीड वर्षात तीन वेळा विचारलं. एकदा सांगितलं फाईल दुसऱ्या सेक्शनला आहे. एकदा सांगितलं तुम्ही संबंधित व्यक्ती नाही. मी बहीण, संबंधित नाही. कारण भाऊ गलबतावरच नव्हता ना, मग मी कोण.

चौथं. हे वहिनीचं. हे लिहू का नको असा विचार करत होते, तिला विचारलं, ती म्हणाली लिहा ताई.

वहिनी एकतीस वर्षांची आहे. मुलगी दुसरीत. धाकट्याच्या नावावर बँकेत थोडे पैसे आहेत, काढता येत नाहीत कारण मृत्यूचा दाखला नाही. दाखला मागायला गेलं तर म्हणतात बेपत्ता माणूस सात वर्षं सापडला नाही तर मग कोर्टात या. विधवेची पेन्शन नाही कारण ती विधवा नाही. सव्वा एकरात नाव लागत नाही. शाळेत पालकाची सही म्हटलं की मुलगी म्हणते पप्पा जहाजावर आहेत. आणि गावातल्या बायका. संक्रांतीला वाण द्यायचं का नाही, हिच्या घरी हळदी-कुंकवाला जायचं का नाही, हे त्यांना कळत नाही आणि त्या कुजबुजतात. मागच्या संक्रांतीला एकीनं कुंकवाची डबी पुढं केली आणि मधीच थांबली. वहिनीनं स्वतःच बोट बुडवून लावून घेतलं आणि आत गेली, संध्याकाळपर्यंत बाहेर आली नाही. साहेब, तुमच्या टेबलावरच्या एका कागदावर माझ्या वहिनीचं कपाळ अडलंय.

नियम नाही असं म्हणू नका. ओखीनंतर केरळ सरकारनं समुद्रात बेपत्ता झालेल्या मच्छीमारांच्या घरच्यांना सात वर्षं ताटकळत ठेवलं नाही, मदत दिली. 2021 ला उत्तराखंडात चमोलीला पूर आला तेव्हा बेपत्ता माणसांसाठी वेगळी पद्धत करून दाखले दिले. म्हंजे मनात असलं की होतं. फक्त तिथं शंभर-शंभर माणसं एकदम गेली, टीव्ही होता. आमचा एकटाच गेला.

आणि मालकांसाठी एक ओळ. तुम्ही धाकट्याच्या उरलेल्या पगाराचे पैसे एका माणसाच्या हातानं पाकिटात पाठवले, पावती नाही, नाव नाही, आणि तो माणूस जाताना म्हणाला, कुठं बोलू नका. ते पाकीट मी उघडलेलं नाही, तसंच कपाटात ठेवलंय, नोटा मोजल्या पण नाहीत. जो माणूस तुमच्या गलबतावर नव्हताच त्याचा पगार कशाचा पाठवलात, एवढं फक्त लिहून द्या. मला दुसरं काही नको तुमच्याकडनं.

आता मागण्या. सरळ लिहिते.

आमची बंद केलेली फाईल उघडा. वाचलेल्या सहातल्या दोघांनी मला सांगितलंय की आम्ही येऊन सांगायला तयार आहोत सात जण होतो म्हणून, त्यांना मालकाच्या माणसाशिवाय, त्यांच्या भाषेतला दुभाषी देऊन, परत विचारा. माझ्याकडं तो व्हिडिओ आहे, तारीख-वेळेसकट, त्यात गलबताचा नंबर दिसतो आणि भावाचा आवाज आहे. मोबाईल कंपनीकडनं शेवटचं लोकेशन तुम्ही मागवू शकता, मी नाही. ज्या परदेशी जहाजानं त्यांना उचललं त्याच्या डायरीत अजून एकाला शोधत होतो अशी नोंद असणार, तीन-चार तास जहाज उगाच कुणी थांबवत नाही, डिझेल जळतं, ती नोंद मागवा. हे सगळं मी अर्जात लिहिलं होतं आणि तुमच्या दोन ओळींत यातलं एक पण नाही.

प्रत्येक गलबत निघताना डोकी मोजा, फोटो घ्या.

बावटा लागला किंवा लाटांचा अंदाज ठरलेल्या आकड्याच्या वर गेला की निघायचं नाही, हे सारंगावर किंवा मालकावर सोडू नका, आकडा ठरवा आणि धक्क्यावर मोठ्या अक्षरात लिहा, मल्याळम, कन्नड, गुजराती, मराठी, जिथं जी भाषा लागते तीत. आयर्विनच्या पट्टीसारखा. म्हंजे भंडाऱ्याला पण वाचता येईल आणि तो म्हणू शकेल की आज मी येत नाही.

सीझन सुरू व्हायच्या आधी तळ पाण्याबाहेर काढून बघा, आणि कुठल्या गलबताला कधी पास केलं ते सगळ्यांना दिसेल असं ठेवा. पाण्यात पडल्यावर आपोआप उपग्रहाला सिग्नल देणारं यंत्र असतं, ते आणि माणशी एक चांगलं जॅकेट असल्याशिवाय सोडू नका. गरीब मालकांना ते परवडत नसेल तर सरकारनं अर्धे पैसे घालावेत, मासेमारीच्या बोटींना देता तसं. 2025 ला जुना 1958 चा मर्चंट शिपिंग कायदा जाऊन नवीन आला असं वाचलं, तर आता त्याच्याखाली नियम लिहिताना या 'आदिम' गलबतांचं पान कोरं सोडू नका, आणि लिहिताना एखाद्या खलाशाच्या बायकोला पण विचारा.

आणि समुद्रात बेपत्ता झालेल्या माणसाबद्दल सहा महिन्यांत काय तो निर्णय द्या. हो तर हो, नाही तर का नाही. सात वर्षं पुरी होतील तेव्हा मुलगी सातवी-आठवीत असेल.

या पत्राची कॉपी मी आमच्या आमदार-खासदारांना पण देणार आहे, विट्यातल्या गलाईवाल्यांच्या ग्रुपवर टाकणार आहे, आणि तुम्ही वाचणाऱ्यांनी पण पुढं पाठवा, विशेष करून केरळ-कर्नाटकात कुणी ओळखीचं असेल तर, कारण अशी आमची एकटीचीच फाईल असेल असं मला वाटत नाही. जे कुणी असतील त्यांनी यादी बघून घ्या. नाव आहे का बघा. एवढंच आधी बघा. आणि किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी 1554 हा कोस्ट गार्डचा नंबर फोनमध्ये ठेवा, मला तो दीड वर्ष उशिरा कळला.

साहेब, पुढच्या सोमवारी मी परत येतेय तुमच्या ऑफिसात. रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसनं निघणार, सकाळी मुंबईत. मागच्या वेळी गेटवरचा माणूस म्हणाला होता की म्हाताऱ्या बाईंना कशाला आणता, बसायला जागा नाही. या वेळी आई येणारच आहे, तिला मी कालच खरं सांगितलं. ती काही बोलली नाही, फक्त विचारलं की साहेबांना धाकट्याचा आवाज ऐकवता येईल का. फोन चार्ज करून आणते. ऐकायला दोन मिनिटं काढून ठेवा, व्हिडिओ एकोणतीस सेकंदांचाच आहे.

आपली,
सहाच्या यादीत नसलेल्या सातव्याची ताई
सांगली